एक्स्पोजर ‘रीडआउट’वर अडकतो, फ्रेम अर्धी येते: छोट्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रोग्राफच्या सॉफ्टवेअरचं नेहमीचं दुखणं

लक्षणं

हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, खाली ‘रीडआउट’ (सेन्सरवरून चित्र वाचून घेणं) असं येतं आणि गाडी तिथंच बसते. फाइल येत नाही, एररही येत नाही. ‘ॲबॉर्ट’ दाबलं तरी हलत नाही. हे लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याची भावंडं मात्र चटकन लक्षात येत नाहीत:

– फाइल येते, पण फ्रेमच्या खालच्या ओळी नुसत्या शून्याच्या.
– १० सेकंदांचे एक्स्पोजर रात्रभर बिनतक्रार होतात, लांबचे लावले की अडकतात.
– गाइडिंग (छोट्या गाइड कॅमेऱ्यानं तारा जागेवर धरून ठेवणं) चालू असतानाच अडकतं.
– ताऱ्याच्या स्पेक्ट्रमचा एकच माग (पट्टी) दिसायला हवा तिथं एकाच फ्रेममध्ये दोन दिसतात.
– क्रमांक पुढं सरकतो, फाइल पूर्ण दिसते, पण आत मागचीच फ्रेम असते.

शेवटचं सगळ्यांत घातक. अडकलेलं सॉफ्टवेअर निदान कळतं तरी. शिळी फ्रेम सकाळपर्यंत कुणालाच कळत नाही, आणि तोवर रात्र गेलेली असते.

गृहीत धरलेली मांडणी अशी: साताऱ्यात किंवा मिरजेत गच्चीवर नाहीतर कॉलेजच्या छतावर टेलिस्कोप, त्याला ०.९ ते १.७ मायक्रॉन पाहणारा स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून नोंदवणारं यंत्र), ६४० × ५१२ पिक्सेलचा इंडियम गॅलियम आर्सेनाइड सेन्सर, त्याला टीईसीचं (विजेवर गार करणाऱ्या चकतीचं) कूलिंग, यूएसबीनं जोडलेला छोटा पीसी टेलिस्कोपशेजारी, आणि चालवणारा खालच्या खोलीत. लडाखमधल्या हान्लेच्या २ मीटर दुर्बिणीवरचा टर्स्पेक किंवा उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा टॅनस्पेक ही यंत्रं वेगळ्या जातीची. तिथला सेन्सर मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा, तो क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार ठेवलेला असतो आणि त्याला फक्त तिथली माणसं हात लावतात. फाइल तपासायच्या युक्त्या मात्र तिथून आलेल्या डेटालाही चालतात.

रीस्टार्टच्या आधी

सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करायचा मोह आवरा. बरीच सॉफ्टवेअरं नव्यानं उघडली की जुनी लॉग फाइल पुसून टाकतात, म्हणजे एकमेव साक्षीदार गेला. आधी लॉगची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. मग वहीत चार गोष्टी लिहा: घड्याळाची वेळ, टेलिस्कोपचं तोंड कुठं होतं, एक्स्पोजर किती सेकंदांचा होता, आणि त्या क्षणी आणखी काय चालू होतं (गाइडिंग, घुमटाची मोटर, दव घालवणारा ड्यू हीटर). तीन-चार वेळच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की निम्मं निदान तिथंच होतं. ठरावीक वेळेला अडकत असेल तर दोष सॉफ्टवेअरकडं, ठरावीक दिशेला अडकत असेल तर केबलकडं, आणि कुठलीतरी मोटर सुरू होताना अडकत असेल तर विजेकडं.

फाइलचा आकार मोजा

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं, पण सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते. फिट्स (खगोलशास्त्रात चित्रं साठवायचा ठरलेला प्रकार) फाइल २,८८० बाइटच्या ठोकळ्यांनी बनते, शेवटचा ठोकळा अपुरा असेल तर भर घालून पुरा केला जातो. आपल्या एका फ्रेमचा डेटा, पिक्सेलला २ बाइट धरून, ६४० × ५१२ × २ = ६,५५,३६० बाइट, म्हणजे २२८ ठोकळे. हेडरच्या (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या) ओळी ३७ ते ७२ च्या दरम्यान असतील तर त्याचे २ ठोकळे. एकूण २३० ठोकळे, म्हणजे ६,६२,४०० बाइट. वीस रीडचा रॅम्प (एकाच एक्स्पोजरमध्ये सेन्सर वीस वेळा वाचणं) एकाच फाइलमध्ये जात असेल तर १,३१,१५,५२० बाइट.

आता बिघडलेल्या फाइलचा आकार बघा. त्याला २,८८० नं पुरा भाग जात नसेल तर लिहिताना मध्येच काहीतरी तुटलं: डिस्क भरली, परवानगी नाही, किंवा प्रोग्रॅम कोसळला. कॅमेऱ्याचा त्यात दोष नाही. आकार बरोबर आहे पण खालच्या ओळी शून्य आहेत, तर लिहिणं ठीक झालंय, माल पूर्ण पोचला नाही. सॉफ्टवेअर आधी शून्यांनी भरलेली जागा राखून ठेवतं, येईल तेवढा डेटा त्यात ओततं आणि उरलेलं तसंच लिहून टाकतं. अशा वेळी केबल, यूएसबी किंवा वीज बघायची.

डिस्क, घड्याळ, टाइमआउट

डिस्क भरते ती बहुधा स्पेक्ट्रमनं नाही. वीस रीडचे तीनशे रॅम्प घेतले तरी ४ जीबीच्या आत बसतात. गाइड कॅमेऱ्याच्या ‘फ्रेम सेव्ह करा’ या चौकोनात चुकून टिक राहिली, तर १२८० × ९६० ची फ्रेम दर दोन सेकंदांनी पडत आठ तासांत १७ जीबी खाते. विंडोजवर डेटा सी ड्राइव्हवर ठेवूच नका. लिनक्सवर डेटाचं पार्टिशन वेगळं ठेवा आणि दोन्हींची मोकळी जागा बघा, कारण लॉग मूळ पार्टिशनवर लिहिला जातो.

फोल्डरच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं नकोत. आपल्या भाषेवर कितीही प्रेम असलं तरी जुन्या ड्रायव्हरला ते समजत नाही.

घड्याळाची गंमत वेगळी. हेडरमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) असते, आपण साडेपाच तास पुढं. सॉफ्टवेअर तारखेनुसार फोल्डर करत असेल तर स्थानिक तारीख मध्यरात्री बदलते आणि यूटीसीची पहाटे साडेपाचला. जानेवारीत साडेपाचला साताऱ्यात अजून काळोखच असतो, काम ऐन रंगात असतं, आणि नेमक्या त्या मिनिटाला सॉफ्टवेअर अजून न बनलेल्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायला जातं. ‘रोज पहाटेच अडकतं, थंडीमुळं असेल’ अशी समजूत करून घेण्याआधी मिनिटकाटा बघा. उपाय सोपा: रात्र सुरू करतानाच एक फोल्डर हातानं ठरवून द्या आणि तारखेनुसार फोल्डर बदलणं बंद करा.

घड्याळ इंटरनेटवरून जुळवत असाल तर ते संध्याकाळीच जुळवून घ्या. एक्स्पोजर चालू असताना घड्याळानं एकदम उडी मारली, आणि सॉफ्टवेअर त्याच घड्याळावर सेकंद मोजत असेल, तर तो एक्स्पोजर संपतच नाही.

टाइमआउटचा (किती वेळ वाट पाहून सोडून द्यायचं त्याचा) आकडा कुठल्यातरी सेटिंगच्या आतल्या पानावर दडलेला असतो. तो पक्का १२० सेकंदांवर बसवलेला असेल तर १५० सेकंदांचा एक्स्पोजर चालणारच नाही. एक्स्पोजरची वेळ, सगळ्या रीडना लागणारी वेळ आणि वर ३० सेकंद, एवढा तो हवा.

यूएसबी झोपी जातं

लांब एक्स्पोजरमध्ये केबलवरून बराच वेळ काहीच जात-येत नाही. विंडोजला वाटतं हे पोर्ट रिकामं आहे, आणि ते त्याला झोपवतं. रीडआउटची वेळ आली की कॅमेरा हाक मारतो, पलीकडून ओ येत नाही. छोटे एक्स्पोजर ठीक आणि लांबचे अडकतात, टाइमआउटही बरोबर आहे, तर याच्यावर संशय घ्या. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायची टिक काढा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कारण कॅमेरा कुठल्या हबवर बसलाय ते बाहेरून कळत नाही. मोठा विंडोज अपडेट झाला की हे पुन्हा तपासा. त्याच फेरीत अँटीव्हायरसला डेटाचं फोल्डर वगळायला सांगा. नवी फाइल दिसली रे दिसली की तो ती तपासायला धरून ठेवतो आणि सॉफ्टवेअरला ती बंद करता येत नाही.

लिनक्सवर दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडंच असतं. यूएसबीच्या बफरसाठी (डेटा तात्पुरता धरायच्या जागेसाठी) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुळात एकूण १६ एमबी देतो, आणि ती सगळ्या कॅमेऱ्यांत मिळून. ड्रायव्हर वीस रीडची जागा एकदम मागत असेल तर त्याचेच १,३१,०७,२०० बाइट झाले. गाइड कॅमेऱ्याच्या तीन बफरचे ३६,८६,४००. बेरीज १,६७,९३,६००, आणि मर्यादा १,६७,७७,२१६. केसभर फरकानं बाहेर! म्हणून गाइडिंग बंद असताना सगळं सुरळीत आणि चालू केलं की अडलं. ‘यूएसबीएफएस मेमरी एमबी’ नावाचं हे पॅरामीटर यूएसबीकोर मॉड्यूलखाली सापडतं. ते २०० करा. नुसतं तेवढ्यापुरतं बदललं तर पीसी रीस्टार्ट झाल्यावर परत १६ होतं, म्हणून बूटच्या ओळीतही घाला.

केबल

कर्नलच्या संदेशांत किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला यूएसबी ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘रीसेट’ झाल्याची नोंद आहे का ते बघा. असेल तर सॉफ्टवेअरला दोष देणं थांबवा.

यूएसबी ३ ची साधी केबल ३ मीटरच्या पुढं नको, यूएसबी २ ची ५ मीटरच्या. खोलीपासून टेलिस्कोपपर्यंत यूएसबी ओढायचीच नाही. पीसी वर ठेवा आणि खाली नेटवर्कची केबल आणा. त्या केबलच्या दोन्ही टोकांना आतून ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळं दोन जागांच्या अर्थिंगमधला फरक त्यातून वाहत नाही. वाय-फायवर चालवलं तरी चालतं, पण डेटा वरच्याच पीसीवर लिहा.

परीक्षा अशी घ्या. टेलिस्कोप पार्क करून, झाकण लावून १० सेकंदांचे ५० डार्क (प्रकाश न घेता घेतलेल्या फ्रेम) घ्या. मग आणखी ५० घेताना केबल कॅमेऱ्याच्या तोंडाशी हलकेच डावी-उजवी हलवा. पहिल्या ५० मध्ये काही नाही आणि दुसऱ्यात अडकलं तर कनेक्टर सैल आहे. दोन्ही ठीक असतील तर टेलिस्कोप पूर्वेकडून पश्चिमेकडं पूर्ण फिरवून बघा, कारण मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना केबलला ताण बसतो. केबल कॅमेऱ्याच्या अंगाला वेलक्रोनं एकदा बांधा, म्हणजे ओढ बांधलेल्या जागी बसेल, पिनवर नाही.

पावसाळ्याचे चार महिने बंद राहिलेल्या केबिनमध्ये पिनांवर हिरवट-काळा थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे, पॉलिश पेपर लावू नका. आणि केबलची पूर्ण लांबी हातातून सरकवत तपासा. उंदराला हे वायरिंग फार आवडतं.

वीज

कॅमेऱ्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असला तरी कॅमेऱ्यापाशी १२ पोचतात का ते कूलिंग पूर्ण जोरात असताना मोजायचं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरनं ५ मीटरवर ३ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. २.५ ची वायर घातली तर जेमतेम पाव व्होल्टच्या आत. ११.५ च्या खाली मोजलं गेलं तर आधी वायर बदला, मग बाकीचं. ड्यू हीटर आणि घुमटाची मोटर कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर कधीही नको.

गावाबाहेर, विशेषतः माण-खटाव किंवा जतच्या बाजूला, आकाश छान मिळतं पण शेतीपंपांना रात्रपाळीची थ्री फेज सुरू झाली की व्होल्टेज बसतं. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना क्षणभर खंड पडतो. दिव्याला तो जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. वरचा पीसी आणि कॅमेरा शुद्ध साइन वेव्हच्या यूपीएसवर ठेवा. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर फ्रेमवर आडव्या पट्ट्या येतात, आणि त्या सॉफ्टवेअरनं जात नाहीत.

पीसी एका खोलीतल्या पॉइंटवर आणि कॅमेरा दुसऱ्या, ही मांडणी मोडा. सगळं एकाच बोर्डावरून घ्या. अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये १-२ व्होल्ट दिसले तर चालतं, ५ च्या वर असतील तर खड्ड्याकडं बघायला हवं. कातळावर किंवा कासकडच्या जांभ्यावर अर्थिंगचा खड्डा डिसेंबरनंतर कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरलेलं असलं तरी त्याला पाणी घालावं लागतं.

कूलिंग

काही सॉफ्टवेअरं तापमान स्थिर झाल्याशिवाय रीडआउट सोडत नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत. एप्रिलमध्ये सांगलीत रात्री नऊला हवा ३० अंशांवर असताना सेन्सरला उणे ४० सांगितलं तर टीईसी शंभर टक्क्यांवर धापा टाकत राहतो, पोचत मात्र नाही. उणे १५ ठेवा. टीईसीचा जोर ८० टक्क्यांच्या आत राहील तेवढंच गार करायचं हा साधा नियम. डार्क करंट (प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा सिग्नल) साधारण ७-८ अंशांना दुप्पट होतो, म्हणून रात्रीच्या मध्यात आकडा बदलू नका, आणि डार्क त्याच तापमानाला घ्या.

पंखा साफ आहे ना? गाळप हंगाम आणि निरीक्षणाचा हंगाम एकच. कराड-सांगलीच्या पट्ट्यात कारखान्याची काजळी आणि पाचट जाळल्याची राख गच्चीवर पडते आणि पंख्याच्या जाळीत साचते. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटानं धरून.

शिळी फ्रेम आणि दुहेरी माग

टाइमआउट झाल्यावर सॉफ्टवेअरनं बफर रिकामा केला नाही तर मागची फ्रेम नव्या वेळेसह, नव्या क्रमांकासह लिहिली जाते. हेडर वेगळं असल्यामुळं पूर्ण फाइलची तुलना उपयोगाची नाही. लागोपाठच्या दोन फ्रेम वजा करा. प्रत्येक पिक्सेल बरोब्बर शून्य आला तर ती शिळी, कारण खऱ्या दोन फ्रेममध्ये रीड नॉइज (वाचताना येणारा बारीक गोंगाट) तरी वेगळा असतोच. सॉफ्टवेअर हेडरमध्ये ‘डेटासम’ (डेटाची बेरीज-तपासणी) हा कीवर्ड लिहीत असेल तर आणखी सोपं: लागोपाठ दोन फाइलींचा आकडा सारखा दिसला की स्क्रिप्टनं काम थांबवून घंटी वाजवावी. या दहा ओळी लिहिल्या नाहीत तर बाकी सगळी दुरुस्ती अर्धीच. तात्पुरता उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधून कॅमेरा ‘डिस्कनेक्ट’ करून परत जोडणं. वीज बंद करायची गरज नाही.

दुहेरी माग आला तर स्क्रिप्ट उतावीळ आहे. आकाश वजा करण्यासाठी तारा स्लिटवर (प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद फटीवर) अ, ब, ब, अ अशा दोन जागांत हलवतात. स्क्रिप्ट ‘इतके सेकंद थांब’ म्हणून लिहिली असेल आणि रीडआउटला उशीर झाला तर शेवटच्या रीड चालू असतानाच टेलिस्कोप सरकतो. सेकंद मोजू नका, फाइल बंद झाल्याचा इशारा आला की मगच हलवा. एक्स्पोजर ५ मिनिटांच्या आत ठेवा, कारण आकाशातल्या हायड्रॉक्सिलच्या रेषा मिनिटांमिनिटांत बदलतात आणि वजाबाकीत उरतात. त्या उरल्या म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवायची नाहीत.

असाच आणखी एक खोटा गजर म्हणजे १.४ मायक्रॉनच्या आसपास स्पेक्ट्रमला पडलेली खिंड. डेटा गेलेला नाही, हवेतल्या वाफेनं प्रकाश खाल्लाय. सप्टेंबरअखेरीस ती खिंड रुंद दिसते, जानेवारीत थोडी सावरते. हान्लेला सुमारे ४,५०० मीटर उंचीवर कोरड्या हवेत ती बरीच उथळ असते, सांगलीत तसं कसं होईल? पीसी चालू केल्यावरची पहिली फ्रेम वेगळी दिसणं हेही नेहमीचंच. ती टाकून द्या.

इथं थांबा

टेलिस्कोपच्या नळीला किंवा कॅमेऱ्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. त्या रात्री काम बंद.

केबल बदलली, पीसी बदलला, अडॅप्टर बदलला, तरी त्याच ओळी किंवा त्याच स्तंभात दोष येतो, तर तो सेन्सरच्या वाचन-सर्किटचा आहे. खिडकीच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा हवा थंड असूनही टीईसी पूर्वीच्या तापमानाला पोचेना, तर सील गेलंय. दोन्ही वेळेला कॅमेरा उघडू नका. आत कोरडा वायू किंवा निर्वात असतो, आणि आपल्या हवेतली दमट फुंकर एकदा आत गेली की सेन्सरवरच दव बसतं. फर्मवेअर नव्यानं चढवणं हेही घरी करायचं काम नाही. मध्येच लाइट गेली तर कॅमेरा उठत नाही.

उत्पादकाच्या सेवाकेंद्राला लिहिताना ‘अडकतं’ एवढंच लिहिलं तर उत्तरात ‘रीस्टार्ट करून बघा’ असंच येईल. सोबत जपून ठेवलेला लॉग, एक बिघडलेली फाइल, त्याच रात्रीचा एक चांगला डार्क, कर्नलचे किंवा इव्हेंट व्ह्यूअरचे त्या पाच मिनिटांचे संदेश, सॉफ्टवेअर-ड्रायव्हर-फर्मवेअरच्या आवृत्त्या, आणि कूलिंग चालू असताना कॅमेऱ्यापाशी मोजलेलं व्होल्टेज पाठवा. ५० डार्कच्या दोन्ही परीक्षांचा निकालही लिहा.